शेवटचे दोनशे मीटर: गोव्यात रोजच्या वापरासाठी छोटी ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी निवडताना

जुलैमध्ये रात्रभर पाऊस कोसळून गेला की सकाळी घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत चालत जा. चप्पल कुठे सटकते, तांबडी माती कुठे वाहून आली आहे, चिऱ्यांच्या फरसबंदीवर कुठे हिरवं शेवाळ धरलंय, ते बघून ठेवा. छोटी ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकं ओढणारी, गाडी घ्यायची की नाही, याचं उत्तर या दोनेकशे मीटरांत मिळतं. म्हापसा ते पणजी किंवा फोंडा ते मडगाव एवढंच फिरायचं असेल तर साधी पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आणि चांगले टायर पुरतात. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, वाळपई आणि सांग्याकडे त्याहून बराच जास्त. तरी हायवेवर कुणाची गाडी चढ न चढल्यामुळे अडकत नाही. ती अडकते कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) वाटेवर, डोंगरउतारावरच्या घराच्या चढावर, फेरीबोटीच्या धक्क्यावर आणि समोरून बस आली म्हणून डावी चाकं साइडपट्टीच्या चिखलात उतरवली तिथे.

उतार मोजा, मगच पैसे मोजा

मोबाइलमध्ये लेव्हल दाखवणारं अ‍ॅप असतं. एक मीटर लांबीची सरळ फळी चढावर ठेवा, तिच्यावर फोन ठेवा आणि अंश वाचा. चढाच्या तळाशी, मध्यावर आणि माथ्यावर, अशा निदान तीन जागी मोजा, कारण अडवतो तो सर्वांत तीव्र तुकडा. दहा अंश म्हणजे साडेपाच-सहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची. चौदा अंश म्हणजे चार मीटरला एक मीटर.

आता कागदावरचा हिशोब. शेवाळलेल्या ओल्या दगडावर टायरची पकड सुक्या डांबराच्या निम्म्याहूनही कमी असते. घर्षणाचा अंक ०.३ धरू. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं सपाटीला साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढे असतं, आणि चढावर त्यातलं काही मागे सरकतं. म्हणजे नेमकी जोर लावायच्या वेळी पुढची चाकं हलकी होतात. अशा पृष्ठभागावर ती गाडी साधारण नऊ अंशांपर्यंत चढते, मग चाकं जागीच फिरतात. चारही चाकं ओढत असतील तर हाच आकडा सोळा अंशांपर्यंत जातो. प्रत्यक्षात थोडा कमी, कारण छोट्या गाड्यांत मागच्या चाकांना जाणारी ताकद मर्यादित असते.

यावरून ढोबळ नियम असा. सर्वांत वाईट तुकडा आठ अंशांच्या आत असेल तर ऑल-व्हीलचे पैसे वाचवा आणि ते टायरांत घाला. आठ ते चौदा अंश, त्यात माती किंवा शेवाळ, आणि ही वाट रोजची, तर छोटी ऑल-व्हील-ड्राइव्ह क्रॉसओव्हर तुमच्यासाठी आहे. त्याहून तीव्र, खोल चाकोऱ्या पडलेली वाट असेल तर क्रॉसओव्हर नव्हे, लो-रेंज गिअर (वेग कमी करून जोर वाढवणारा) असलेली खरी फोर-बाय-फोर बघा.

आणि एक चौथा पर्यायही आहे, जो कुठलाच सेल्समन सांगणार नाही. चढ तुमच्याच जागेत असेल तर मे महिन्यात गवंड्याला बोलावून तेवढ्या तुकड्यावर काँक्रीट घाला आणि ते ओलं असतानाच त्यावर आडव्या खाचा ओढून घ्या. पावसाच्या तोंडावर ब्लीचिंग पावडर मारून तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडा. दोन गाड्यांच्या किमतीतल्या फरकापुढे हा खर्च किरकोळ आहे, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे पायही सटकत नाहीत. सध्याची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर निसरड्या चढावर ती रिव्हर्समध्ये चढवून बघा. वजन सरकतं ते ओढणाऱ्या चाकांवरच, त्यामुळे पुढून न चढलेली गाडी मागून चढते. मागे नीट दिसत असेल आणि वाट सरळ असेल तरच.

नावांच्या गोंधळात काय बघायचं

उंच बसलेली, काळ्या प्लास्टिकची किनार लावलेली प्रत्येक गाडी चारही चाकांवर चालते असा समज अजून आहे. भारतात मिळणाऱ्या क्रेटा, सेल्टोस, नेक्सॉन, ब्रेझा, सोनेट, एलिव्हेट या सगळ्या पुढच्या दोन चाकांवर चालतात. यांतल्या काहींत स्नो, मड, सँड असं लिहिलेली कळ असते. ती इंजिनचा जोर कमी-जास्त करते आणि फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावते. मागच्या चाकांकडे जाणारा दांडाच नसल्यावर कळ फिरवून तिथे ताकद पोचणार कशी?

खरी ऑल-व्हील दोन प्रकारची. पहिली मागणीनुसार जोडली जाणारी. इंजिन आडवं, ताकद मुळात पुढच्या चाकांना. पुढे एक ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद मागेही वळवणारी पेटी, तिथून मागे लांब प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे तो दांडा, आणि मागच्या डिफरन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) तोंडाशी इलेक्ट्रॉनिक क्लच. पुढची चाकं घसरायला लागली, किंवा घसरतील असं संगणकाला वाटलं, की क्लच आवळतो आणि मागची चाकं ढकलायला लागतात. चालकाला काही करावं लागत नाही. सुक्या डांबरावर, पावसात, घाटात, कुठेही ही गाडी तशीच चालवता येते, म्हणून रोजच्या वापराला हीच बरी. तिची कमजोरी एक: चिखलात दहा मिनिटं चाकं फिरवत राहिलात तर तो क्लच तापतो आणि थंड होईपर्यंत यंत्रणा स्वतःला बंद करते. डॅशबोर्डवर इशारा येतो. तेव्हा एक्सलरेटर सोडा आणि पाच-दहा मिनिटं थांबा.

दुसरा प्रकार पार्ट-टाइम फोर-बाय-फोर. लिव्हर ओढला की पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना घट्ट जोडले जातात, मध्ये सैल पडणारं काहीच नाही. चिखलात याला तोड नाही. पण सुक्या रस्त्यावर वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, जोडलेले अ‍ॅक्सल ते होऊ देत नाहीत आणि गाडी वळणात आखडते. तशीच रेटली तर ट्रान्सफर केसवर ताण येतो. म्हणून अशी गाडी नव्वद टक्के वेळ मागच्या दोन चाकांवरच चालते. पहिल्या सरीनंतरच्या तेलकट रस्त्यावर ती साधी रिअर-व्हील-ड्राइव्ह आहे, हे नव्या चालकाच्या लक्षात येत नाही.

मग गाड्या कुठल्या

यादी छोटी आहे. मारुती सुझुकीची ग्रँड व्हिटारा, तिचीच बहीण टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर आणि २०२५ मध्ये आलेली व्हिक्टोरिस, या तिघींत दीड लिटर पेट्रोल इंजिनासोबत ऑल-व्हील मिळते. मारुती तिला ऑलग्रिप सिलेक्ट म्हणते. इंजिन १०३ पीएस आणि १३७ न्यूटन मीटरचं. चौघं आणि सामान घेऊन चोर्ला घाट चढताना ते आवाज करतं, पण चढतं. सुरुवातीला ग्रँड व्हिटाराची ऑलग्रिप फक्त मॅन्युअल गिअरमध्ये होती. २०२५ पासून ती सहा गिअरच्या ऑटोमॅटिकबरोबर येते. स्ट्राँग हायब्रिड आणि सीएनजी यांच्यासोबत ऑल-व्हील मिळत नाही, त्यामुळे मायलेज की पकड हे आधीच ठरवावं लागतं. शिवाय ऑलग्रिप वरच्या प्रकारांतच असते. सनरूफ नको, फक्त चार चाकं ओढणारी द्या, अशी सोय नाही.

चार मोड असतात: ऑटो, स्पोर्ट, स्नो आणि लॉक. गोव्यात बर्फ दिसतो तो मासळीच्या पेटीत, पण इथे सर्वांत उपयोगी पडतो तो स्नो मोडच. त्यात एक्सलरेटर हळुवार होतो आणि चाकं घसरायच्या आधीच मागे ताकद जाते. शेवाळलेल्या चढावर हेच हवं असतं. लॉक चिखलातून बाहेर पडण्यापुरता. वेग वाढला की तो आपोआप सुटतो, त्यामुळे घाटात लॉक लावून चालवण्याला काही अर्थ नाही.

जिमनी क्रॉसओव्हर नाही, तरी गोव्यात तिचा विचार करावाच लागतो. लांबी ३,९८५ मिमी, रुंदी फक्त १,६४५ मिमी, दोन चाकांचा टू-एच, चार चाकांचा फोर-एच आणि लो-रेंजचा फोर-एल. तीव्र, उखडलेल्या वाटेवर फोर-एलमध्ये ती चालण्याच्या वेगाने चढत जाते, क्लच जाळावा लागत नाही. पण बसायला चौघंच, आणि मागची डिकी २०८ लिटर. चवथीला आई, दोन मुलं, कपड्यांच्या बॅगा आणि माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सामान घेऊन गावच्या घरी जायचं म्हटलं की काहीतरी मागे राहणार. रोज पन्नास-साठ किलोमीटर हायवे असेल तर तिचं डुलणंही जाणवतं.

डिझेल हवं असेल तर जीप कंपासची फोर-बाय-फोर: १७० पीएस, ३५० न्यूटन मीटर. ताकदीची तक्रार राहत नाही, खिशाची राहते. २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी डीपीएफ जाळी असते, आणि ती साफ व्हायला अधूनमधून वीसेक मिनिटांचा सलग वेगवान प्रवास लागतो. घर ते बाजार तीन किलोमीटर आणि परत, एवढंच चालणार असेल तर डिझेल घेऊच नका. विजेवर चालणारी हॅरियर ईव्ही चारही चाकांवर मिळते, पण ४,६०७ मिमी लांबीच्या गाडीला छोटी म्हणणं कठीण.

जुन्या बाजारात एक नाव अजून आदराने घेतलं जातं: रेनॉ डस्टर एडब्ल्यूडी. २०१४ च्या अखेरीस आली, २०२० चे बीएस-सहा प्रदूषण नियम येईपर्यंत विकली गेली. ११० पीएसचं डिझेल, सहा गिअर, त्यातला पहिला मुद्दाम आखूड ठेवलेला, म्हणून लो-रेंज नसूनही ती चढावर रांगते. मागे मल्टिलिंक सस्पेन्शन, त्यामुळे खड्ड्यांत पुढच्या-चाकी डस्टरपेक्षाही शांत. मेस्त (मेकॅनिक) ओळखीचा असेल आणि सुटे भाग मिळवायची चिकाटी असेल तरच तिच्या वाटेला जा.

फाटकाची रुंदी

हे फार कमी लोक मोजतात. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर दोन्ही १,७९५ मिमी रुंद, आरसे उघडे धरले तर दोन मीटरच्या वर. गोव्यातल्या जुन्या वाड्यांत दोन्ही बाजूंना चिऱ्यांच्या भिंती, मध्ये काटकोनात वळण आणि वळणावर नेमका विजेचा खांब. फाटक मोजा, वळणावरची सर्वांत अरुंद जागा मोजा, आणि दोन्ही बाजूंना वीस-वीस सेंटिमीटर सुटतात का बघा. वळणाच्या बाबतीत जिमनी छोटी असूनही हरते: तिची वळण्याची त्रिज्या ५.७ मीटर, ग्रँड व्हिटाराची ५.४.

ग्राउंड क्लिअरन्स कागदावर दोघींचाही २१० मिमी. पण क्रॉसओव्हरमध्ये चौघं बसले आणि डिकी भरली की बॉडी खाली बसते आणि पोटाखालची जागा कमी होते. जिमनीत सर्वांत खालचा भाग म्हणजे अ‍ॅक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा. तो चाकांनाच जोडलेला असल्याने वजनाने खाली येत नाही. वाटेच्या मधोमध दगडाचा उंचवटा असेल तर घरून सगळी माणसं घेऊन जा आणि भरलेल्या गाडीनेच चाचणी घ्या.

शोरूममध्ये आणि चाचणीत

फोनवरच विचारा: चाचणीसाठीची गाडी ऑल-व्हीलची आहे का? बहुतेक वेळा पुढच्या-चाकी गाडी पुढे केली जाते आणि ‘तशीच आहे, फक्त एक बटण जास्त’ असं सांगितलं जातं. थांबायची तयारी ठेवा, दुसऱ्या शाखेतून गाडी मागवायला लावा. आल्यावर खाली वाकून बघा: मागच्या चाकांच्या मधोमध डिफरन्शियल आणि त्याला जोडलेला लांब दांडा दिसला पाहिजे.

चाचणीचा मार्ग तुम्ही ठरवा. बांदोडकर मार्गावर फेरी मारून काही कळत नाही. एखादा ओला, तीव्र चढ निवडा, चढाच्या मध्यावर पूर्ण थांबा आणि मग निघा. निघताना पुढचं चाक क्षणभर सुरकन फिरून गाडी लगेच पकड घेते की बराच वेळ फिरत राहते, ते ऐका. मग हेच स्नो मोडमध्ये करा. त्याच चढावरून उतरताना हिल डिसेंट (उतारावर वेग आवरणारी कळ) लावून पाय ब्रेकवरून काढा; गाडी स्वतःच कुरकुरत, हळूहळू उतरली पाहिजे. ती कुरकुर ब्रेकच्या एबीएस यंत्रणेच्या पंपाची असते, बिघाड नव्हे.

किमतीचं गणित करताना दोन गोष्टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि बाकी मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के. जिमनी चार मीटरच्या आत असली तरी इंजिन दीड लिटरचं, त्यामुळे तीही ४० टक्क्यांतच. दुसरं म्हणजे इंधन. ग्रँड व्हिटाराची ऑलग्रिप मॅन्युअलमध्ये होती तेव्हा कंपनीचं मायलेज पुढच्या-चाकी मॅन्युअलमध्ये लिटरला २१.११ आणि ऑलग्रिपमध्ये १९.३८ किलोमीटर होतं. प्रत्यक्षात दोन्ही आकडे खाली येतात, पण फरकाचं प्रमाण तेवढंच राहतं. वर्षाला बारा हजार किलोमीटर चालवणाऱ्याला पन्नास ते सत्तर लिटर पेट्रोल जास्त. हा खर्च कुणाला बुडवत नाही. बुडवतात ते टायर, त्याकडे पुढे येऊ.

जुनी गाडी घेताना

गोव्यातल्या जुन्या गाडीला दोन खास रोग असतात: समुद्र आणि पर्यटक.

किनाऱ्यावर गाडी नेण्यावर बंदी आहे आणि पोलीस गुन्हे नोंदवतात, तरी दर मोसमात कुणी ना कुणी वाळूत रुततो. ऑल-व्हील असली की हुरूप जास्त. अशी गाडी ओळखायची तर स्टेपनी बाहेर काढा आणि तिच्याखालच्या खळग्यात बोट फिरवा. वरून कितीही धुतली, व्हॅक्यूम केली, तरी तिथल्या कोपऱ्यात वाळू राहतेच. तशीच सीटच्या रुळांत आणि गालिच्याखाली राहते. सीटचे बोल्ट गंजलेले असतील आणि बाकी आतली बाजू चकचकीत असेल तर पाणी आत शिरून गेलं आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा; बाहेर येणाऱ्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ दिसली तर ती गाडी पुरात उभी होती. मग विक्रेता काहीही म्हणाला तरी निघा.

खालून बघताना मागच्या डिफरन्शियलच्या भोवतालच्या अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी बुरशीसारखी पूड आहे का पाहा. ते मिठाचं काम. बुडाला नुकताच काळा डांबरी थर मारलेला असेल तर संशय घ्या. गंजावर आणि ओलीवर मारलेला तो थर गंज झाकतो आणि आत वाढू देतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. खणखणीत आवाज यावा, बद्द नको.

भाड्याने फिरलेली गाडी म्हणजे काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. ती खासगी करून विकता येते, आणि मग पाटी पांढरी होते. सर्व्हिसच्या नोंदी मागा. दोन-तीन महिन्यांनी दहा हजार किलोमीटर वाढलेले दिसले तर काय ते समजा. दर आठवड्याला नवा चालक, आणि त्यातल्या निम्म्यांनी लॉकची कळ ‘काय होतं बघूया’ म्हणून फिरवलेली.

ऑल-व्हीलची चाचणी अशी. मोकळ्या, सुक्या मैदानावर स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून दोन गोल फेऱ्या हळू मारा, मग दुसऱ्या बाजूला. ऑटो मोडमध्ये गाडी आखडली, टायर चिरकले किंवा मागून धक्के आले तर क्लच अडकलेला असू शकतो, नाहीतर चारही टायर वेगवेगळ्या व्यासाचे असतील. कट-कट आवाज आला तर पुढच्या अ‍ॅक्सलचे सांधे गेले. साठ ते ऐंशीच्या वेगात मागून घुमल्यासारखा आवाज येत असेल तर चाकाचं बेअरिंग किंवा डिफरन्शियल. मेस्ताकडे लिफ्टवर चढवून डिफरन्शियलचा भरण्याचा प्लग उघडायला सांगा. तेल दुधट दिसलं तर पाणी गेलंय. हे होतं कसं? घाट उतरून तापलेलं डिफरन्शियल व्हाळाच्या (ओढ्याच्या) थंड पाण्यात शिरतं, आतली हवा आकसते आणि त्याची श्वासनळी, म्हणजे हवा येण्या-जाण्याची नळी, पाणी ओढून घेते. त्या तेलाने चालवत राहिलं तर बेअरिंग संपतात. शेवटी स्कॅनर लावून फोर-व्हील यंत्रणेच्या कंट्रोलरमधले जुने दोष-संकेत वाचा. इंजिनचे वाचून काम थांबवणारे मेस्त बरेच.

डस्टर बघत असाल तर एडब्ल्यूडीचा बिल्ला बाजारात सुटा मिळतो, हे विसरू नका. मधल्या पट्टीवर टू-डब्ल्यूडी, ऑटो, लॉक अशी फिरती कळ आहे का आणि खाली दांडा आहे का, दोन्ही बघा.

गाडी महाराष्ट्र किंवा कर्नाटकातली असेल तर तिथल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर फॉर्म ३५. दुसऱ्या राज्याच्या पाटीवर बारा महिन्यांहून जास्त काळ इथे चालवता येत नाही. आणि इथला रस्ता कर वेगळा भरावा लागतो, तो सौद्यात आधीच धरा.

टायर, म्हणजे खरा खर्च

ऑल-व्हील गाडीचे चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि जवळपास सारखे झिजलेले असावे लागतात. नव्या टायरचा व्यास झिजलेल्यापेक्षा मोठा असतो. तीन झिजलेले आणि एक नवा घातला की ते चाक सतत कमी फेरे घेतं, संगणकाला वाटतं बाकीची घसरत आहेत, आणि क्लच विनाकारण काम करत तापत राहतो. नक्षीच्या खोलीत दोन-तीन मिलिमीटरहून जास्त फरक नको. म्हणजे खड्ड्यात एका टायरची बाजू फाटली आणि बाकीचे अर्धे झिजलेले असले, तर एक घेऊन भागत नाही. दोन, कधी चार घ्यावे लागतात. यावर उपाय म्हणजे दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायरांची अदलाबदल, न चुकता. स्टेपनी वेगळ्या मापाची असेल तर ती घालून घरापर्यंत किंवा टायरवाल्यापर्यंतच जा.

कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. खाचांतल्या छोट्या उंचवट्यांपर्यंत झीज आली की ती मर्यादा झाली. गोव्याच्या पावसासाठी ही मर्यादा फार उशिराची आहे. तीन मिलिमीटर उरले आणि मे महिना असेल तर बदला. टायरवर चार आकडे असतात: २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षं उलटलेला टायर नक्षी शाबूत असली तरी ओल्या रस्त्यावर कडक होऊन सरकतो. हवेचा दाब दाराच्या चौकटीवरच्या चिकटपट्टीप्रमाणे, सकाळी टायर थंड असताना.

ऑल-व्हील गाडी पुढे ढकलते, थांबवत नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात. करमल घाटातल्या ओल्या वळणावर तुमची महागडी क्रॉसओव्हर आणि शेजाऱ्याची जुनी हॅचबॅक सारख्याच अंतरात थांबतात, आणि त्याचे टायर नवे असतील तर तो आधी.

धक्का, बांध आणि पाणी

फेरीबोटीच्या धक्क्यावर ओहोटीच्या वेळी जास्त सांभाळा. पाणी खाली गेलं की एरवी बुडालेला, शेवाळलेला उतार उघडा पडतो. पुढची गाडी पूर्ण वर जाईपर्यंत बोटीवरच थांबा. मग स्नो मोड, पहिला गिअर, एकसारखा पाय आणि मध्ये थांबायचं नाही. चाकं फिरायला लागली तर जोर वाढवू नका, कमी करा. फिरणाऱ्या टायरपेक्षा हळू वळणारा टायर जास्त धरतो.

खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या) बांधावरच्या रस्त्यांवर मोठ्या भरतीला खारं पाणी येतं. तिथून गेलात तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने बूड धुवा, विशेषतः मागचं डिफरन्शियल, दांड्याचे बोल्ट आणि ब्रेकचे पाइप. मासळीच्या टेम्पोतून गळणारं पाणीही खारंच असतं. त्याच्या मागे अर्धा तास चिकटून जाऊ नका, वासाचं कारण वेगळं.

साचलेल्या पाण्यात चाकाच्या मध्यापर्यंत जा, त्याहून वर नको. पहिल्या गिअरमध्ये, हळू, न थांबता. इंजिन बंद पडलं तर पुन्हा चालू करू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान मिळत नाही; इंजिन प्रोटेक्शनचं जोडकलम घ्यावं लागतं. गोव्यात ते आणि झीरो डेप्रिसिएशन (घसारा न कापता भरपाई), दोन्ही पहिली पाच वर्षं तरी ठेवा.

मे अखेरीस दारांच्या खालच्या कडेची आणि काचेखालच्या जाळीची पाणी जाण्याची भोकं मोकळी करा, वायपरचे रबर बदला. ऑक्टोबरात बूड धुऊन वाळवून मेणयुक्त गंजरोधक मारा, आणि ट्रान्सफर केस व डिफरन्शियलचं तेल मॅन्युअलमधल्या वेळापत्रकाप्रमाणे बदललं आहे ना ते बिलावर तपासा. नेहमीच्या सर्व्हिसमध्ये इंजिन ऑइल बदललं जातं, ही दोन तेलं मागितल्याशिवाय निघत नाहीत. गाडी माडाखाली लावू नका, हे सांगायला लागू नये.

आणि कुठे बंद पडलीच, तर क्रेनवाल्याला फोनवरच सांगा की गाडी चारही चाकांची आहे, सपाट पाट्याची गाडी पाठव. पुढची दोन चाकं उचलून मागची रस्त्यावर फिरवत नेणारी क्रेन आली तर परत पाठवा, तो कितीही म्हणाला ‘न्यूट्रलमध्ये टाका, काही होत नाही’ तरी. मागचा क्लच जळू शकतो, आणि मग आधी झालेला बिघाड त्याच्यापुढे स्वस्त ठरतो.